सांगोल्याचे गणपतराव

सार्वजनिक पुरुषाचें चरित्र लिहावयाचें म्हणजे त्यानें भूषविलेल्या पदांची यादी देऊन मोकळें व्हावयाचें, अशी चाल आपल्याकडे पडून गेली आहे. ज्यांच्या यादींत पदेंच थोडीं, त्यांच्याकडे मग कोणी वळत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील सांगोल्याचे आमदार कै. गणपतराव देशमुख हे या दुसऱ्या वर्गांतले. ता. ३० जुलै २०२१ रोजीं, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचें सोलापुरास निधन झालें. आयुष्यांतील सुमारें पन्नास वर्षें त्यांनीं विधानसभेंत काढलीं होतीं.

प्रथम हिशेब सांगतों. सन १९६२ च्या निवडणुकींत काँग्रेसची सर्वत्र सरशी झाली आणि शेतकरी कामगार पक्षाचे अवघे १५ उमेदवार निवडून आले. त्यांत हे तरुण वकील होते. पुढें १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मिळून अकरा वेळां, एकाच मतदारसंघांतून आणि एकाच पक्षाच्या नांवावर. कित्येक यास देशांतील विक्रम म्हणतात, तें बरोबर नव्हे. तामिळनाडूचे करुणानिधि व केरळचे के. एम्. मणि हे प्रत्येकीं तेरा वेळां निवडून आले. परंतु करुणानिधि पांच वेळां मुख्यमंत्री झाले, मणींनीं अनेकदां राज्याचें अंदाजपत्रक मांडलें. गणपतरावांच्या वांट्यास मंत्रिपद आलें तें दोनदां, १९७८ व १९९९ मध्यें, आणि दोन्ही वेळां थोडक्या दिवसांपुरतें. बाकी सारा काळ विरोधी बाकांवर गेला.

वरील यादींत जीं दोन सालें नाहींत, तीं आम्हांस अधिक बोलकीं वाटतात. १९७२ मध्यें ते पडले, १९९५ मध्यें पुन्हां पडले; आणि दुसऱ्या वेळीं पडले ते १९२ मतांनीं. एवढीं माणसें आपल्या एखाद्या वाड्यांतल्या लग्नांत दोन पंगतींत जेवून उठतात! वय सत्तरीच्या घरांत आलें होतें. अशा वेळीं पागोटें खुंटीस लावून नातवंडांत रमलें, तर त्या गृहस्थास कोणी नांवें ठेवलीं नसतीं. गणपतराव १९९९ मध्यें पुन्हां उभे राहिले व निवडून आले.

आमच्या मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. नित्यकर्म केल्यानें विशेष फळ नाहीं, न केल्यास मात्र दोष लागतो. विरोधी बाकावरील आमदाराचें बहुतेक काम याच जातीचें असतें. प्रश्न विचारावयाचे, खर्चाचे आंकडे तपासावयाचे, मसुद्यांतील एखादा शब्द सैल राहिला असेल तर तो दाखवावयाचा. यानें जयंत्या होत नाहींत कीं मिरवणुका निघत नाहींत. गणपतरावांचें नांव झालें तें मात्र दुसऱ्याच एका गोष्टीनें, एस. टी.नें प्रवास करणारे आमदार म्हणून. एस. टी.च्या गाडींत आमदारांसाठीं आसन राखून ठेवण्याची पद्धत आहे; त्यावर प्रत्यक्ष आमदार बसलेला पाहण्याचें भाग्य किती उतारूंस लाभलें असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सांगोला तालुका अवर्षणाचा. माण नदीचें पात्र वर्षाचे बहुतेक दिवस कोरडें. गणपतराव सत्तेच्या पक्षांत गेले असते तर पाणी लौकर आलें असतें, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. हा आक्षेप आम्ही पोकळ मानीत नाहीं. पाण्यास विलंब झाला, आणि त्याची किंमत पुढाऱ्यांनीं दिली नाहीं. पोटामागें गांव सोडून गेलेल्या कुटुंबांनीं ती दिली. तथापि दुसरी बाजूही पाहावी. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह गणपतरावांनीं आटपाडीस पाणीपरिषदा भरविल्या, त्या एकट्या सांगोल्यासाठीं नव्हत्या; तेरा दुष्काळी तालुक्यांचें गाऱ्हाणें तेथें एकत्र मांडलें जाई. कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी उचलून सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांत नेणारी योजना अशाच मागणीच्या रेट्यानें पुढें सरकली. मंत्र्यांच्या मर्जींतला आमदार आपल्या शिवारापुरता पाट ओढून घेऊं शकतो, पण मग शेजारच्या तालुक्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? आमच्या मतें गणपतरावांनीं धरलेली वाट लांबची होती, चुकीची नव्हती.

सांगोल्याची सहकारी सूतगिरणी ही त्यांचीच उभारणी. कापसाचें पीक जेथें नांवापुरतें, तेथें ही गिरणी चालविली. आणि महाराष्ट्रांत किती सहकारी गिरण्यांस टाळीं लागलीं हें सर्वांस ठाऊकच आहे.

२०१९ मध्यें ते उभे राहिले नाहींत. पक्षानें त्यांच्या एका नातवास उमेदवारी दिली, आणि ७६८ मतांनीं ती जागा गेली. जिंकणारे शहाजीबापू पाटील यांनींच १९९५ मध्यें आजोबांस हरविलें होतें. पुढें २०२४ मध्यें दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनीं त्यांस हरवून जागा परत मिळविली, तीही शेतकरी कामगार पक्षाच्याच नांवावर. उमेदवारी घराण्यांतच फिरावी हें आम्हांस रुचत नाहीं, आणि तें आम्ही येथें नोंदवून ठेवतों. पण आजोबांच्या नांवावर डोळे मिटून मत देणारा हा मतदार नाहीं, हें त्यानें एकदां १९२ मतांनीं आणि एकदां ७६८ मतांनीं दाखविलेलें आहे.