सर, अजून एक... मोठा!

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजलेले, मी डेडलाइनच्या टेन्शनमध्ये, आणि सांगलीहून ताईचा फोन. एवढ्या रात्री ताईचा फोन म्हणजे एक तर आईची तक्रार, नाही तर भाच्याची. पण या वेळी मामला केमिकल होता!

"अगं, २८ तारखेला शाळेत विज्ञान दिन आहे. पोरं मागं लागल्यात, सोडियमचा धमाका दाखवा म्हणून. दाखवू का? सेफ असतंय का गं ते?"

आता बघा, ताई विज्ञानाची टीचर. मी मास कॉमवाली. केमिस्ट्रीशी माझं नातं बारावीच्या निकालादिवशीच तुटलं. तरी तिनं मलाच विचारलं. कारण तिला माहीत होतं, साताऱ्यातल्या 'त्या' तासाला मी वर्गात होते.

तर फ्लॅशबॅक. सातारा, नववीचा वर्ग. सरांनी टेबलावर काचेचं पसरट भांडं ठेवलं, त्यात पाणी ओतलं. रॉकेलच्या बाटलीतून सोडियम काढला, टिपकागदानं पुसला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला आणि चिमट्यानं पाण्यात सोडला. तो पाण्यावर सुर्रकन पळाला, फुसफुसला आणि संपला. झालं! फिनॉल्फथॅलिन घातलेलं पाणी तेवढं मस्त गुलाबी झालं.

आम्हाला गुलाबी नको होतं. आम्हाला धडाम् हवं होतं. मी ओरडले, "सर, अजून एक! मोठा!" वर्गानं बाकं वाजवली. सर हसले आणि त्यांनी खरंच मोठा तुकडा कापला.

मग धडाम् झालं. भांडं फुटलं. पहिल्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणीच्या भुवईवर चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. सर पांढरेफटक पडले होते, ते मला अजून आठवतं. त्यानंतर आमच्या वर्गात प्रयोग फक्त फळ्यावर झाले.

ताईचा फोन ठेवला आणि मी वाचायला बसले. पहिलाच धक्का जोरदार. हम्फ्री डेव्हीनं सोडियम आणि पोटॅशियम हे धातू पहिल्यांदा वेगळे केले १८०७ साली. तेव्हापासून जगभरातले मास्तर ते पाण्यात टाकून दाखवतायत. कारण काय सांगतात? हायड्रोजन तयार होतो, उष्णतेनं पेटतो, म्हणून धमाका. आपणही हेच पाठ केलं. पण यात एक गोची होती. धातू पाण्याला टेकला की भोवती वाफ आणि हायड्रोजन जमतो. त्या थरानं तर पाण्याला धातूपासून दूर ठेवायला हवं, म्हणजे रिअॅक्शन मंदावायला हवी. मग स्फोट होतोच कसा?

उत्तर आलं थेट २०१५ मध्ये. प्रागच्या पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायस्पीड कॅमेरा लावून हा प्रकार पाहिला. पाण्याला टेकताच धातूतले इलेक्ट्रॉन झटक्यात पाण्यात निघून जातात. मागे उरलेले धन भार एकमेकांना असे ढकलतात, की धातूच्या थेंबाला क्षणार्धात काटे फुटतात. प्रत्येक काट्यागणिक नवा पृष्ठभाग पाण्याला भिडतो. मग कसली वाफ अडवतेय!

म्हणजे बॉस, दोनशे वर्षं जो प्रयोग आपण 'माहितीतला' म्हणून करत होतो, त्याच्या पोटात काय चाललंय ते नीट कळायला हायस्पीड कॅमेरा यावा लागला. 'मी हे शंभर वेळा केलंय' या वाक्यावर किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा. आणि तुकडा दुप्पट केला की धोकाही दुप्पट, असा सरळ हिशेब इथे नसतो. छोट्या तुकड्याची उष्णता पाणी पटकन शोषून घेतं. मोठ्याची तेवढ्या वेगानं शोषली जात नाही, आणि खेळ एकदम पालटतो.

पण मला खरा झटका दिला अमेरिकेतल्या एका प्रयोगानं. नाव किती गोड, 'रेनबो'. निरनिराळे क्षार मिथेनॉलमध्ये पेटवायचे आणि रंगीत ज्वाळा बघायच्या. २ जानेवारी २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन हायस्कूलमध्ये हाच प्रयोग चालू असताना भडका उडाला आणि एक विद्यार्थी गंभीर भाजला. अशा बऱ्याच अपघातांची गोष्ट साधारण एकच. पहिला राउंड झकास होतो. ज्वाळा मंदावते. मग कुणीतरी मोठ्या बाटलीतून अजून थोडं मिथेनॉल ओततं... अजून थोडं! ओळखीचं वाटतंय ना?

ताईला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "ते राहू दे अमेरिकेचं. आपल्याकडं कवठे एकंद आहे की."

बरोबर. सांगलीहून तासगावला जाताना लागतं ते कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि अख्ख्या गावावर शोभेच्या दारूचं आभाळ फुटतं. भाऊजींबरोबर मी एकदा गेलेय. जाम भारी! सोरा, गंधक, कोळसा यांची नस या गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक. आणि तरी २०१५ च्या मे महिन्यात तिथल्याच फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामावरची माणसं गेली. ज्यांच्या हातात ही कला मुरलेली, त्यांच्या गावातसुद्धा दारूनं कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही.

आणि ज्यांच्या हाताला काहीच अनुभव नाही त्यांचं काय? २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, कार्बाइड गननं कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा केली. रील बघून घेतलेली पाइपची बंदूक. वाजली नाही म्हणून आत डोकावून बघितलं, आणि तेव्हाच ती वाजली.

मग काय, सगळं बंदच करायचं? हेडसर ताईला तेच म्हणत होते, "व्हिडिओ लावा प्रोजेक्टरवर." सोपा उपाय. पण इथे मला साताऱ्याचा एक माणूस आठवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेत डॉक्टर झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. समितीचे कार्यकर्ते गावोगाव बुवांचे 'चमत्कार' करून दाखवायचे, आजही दाखवतात. त्यातलाच एक नारळाचा. मंत्र म्हणून पाणी शिंपडलं की नारळ पेटतो. शेंडीत काय लपवलेलं असतं? आपला तोच सोडियम!

फरक बघा. बुवाला पब्लिक घाबरवायचं असतं, म्हणून त्याचा जाळ जेवढा मोठा तेवढा धंदा मोठा. कार्यकर्त्याला मात्र नारळ पेटल्यावर थांबून शेंडी उलगडून दाखवायची असते. त्याचं काम चिमूटभर धातूत भागतं. आणि हे व्हिडिओवर होत नाही. स्क्रीनवर तर बुवाही हवेत उडतो! समोर, आपल्याच गावच्या पाण्यानं नारळ पेटतो आणि मग त्यामागची ट्रिक उघडी पडते, तेव्हा माणसाच्या डोक्यात काहीतरी हलतं.

म्हणून ताईला मी माझं उत्तर दिलं. शंभर टक्के सेफ धमाका नसतो. पण धमाका चुकला तरी कुणाला लागणार नाही, अशी मांडणी करता येते. प्रयोग बिघडणारच असं धरून चालायचं. मात्रा एवढीशी, भांड्याला झाकण नाही, मध्ये जाड पारदर्शक पडदा, सगळ्यांना गॉगल, पोरं लांब. आधी एकटीनं करून बघायचं. टेस्ट ट्यूबमधल्या हायड्रोजनचा तो इवलासा 'पॉप' आठवतो? तोही स्फोटच की! पण वायू बोटभर आणि नळीचं तोंड उघडं. त्यानं कितीतरी पिढ्यांना केमिस्ट्रीची गोडी लावली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वन्स मोअर नाही. किती तुकडा कापायचा ते आदल्या दिवशी ठरवायचं आणि बाटली कपाटात ठेवून कुलूप लावायचं. कारण टाळ्यांच्या आवाजात माणसाचा अंदाज चुकतो. सर वाईट नव्हते. त्यांना फक्त आम्ही खूश व्हायला हवे होतो.

२८ तारखेला ताईनं प्रयोग केला. तांदळाएवढा तुकडा, एकदाच. अपेक्षेप्रमाणे पोरं ओरडलीच, "मॅडम, अजून! मोठा!" ताई म्हणाली, "बाटली कपाटात आहे. आता प्रश्न विचारा." पहिला प्रश्न आला, "मॅडम, तो पळत का होता?" त्या एका प्रश्नावर अख्खा तास गेला म्हणे.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता हिंजवडीत आयटीत आहे. भुवईवरची रेघ अजून आहे, आयब्रो करणारी दर वेळी विचारते. इतक्या वर्षांनी मी तिला सांगितलं, "सॉरी यार. 'मोठा टाका' असं ओरडणारी मी होते."

ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "तू? अगं, मला आजपर्यंत वाटत होतं मीच ओरडले होते!"