खाजगी कुलपाची सरकारी किल्ली

न्यायाधीशाच्या वॉरंटाने पोलिसांनी संशयिताच्या घराची झडती घ्यावी, यास आमचा विरोध नाही; कोणाही समंजस नागरिकाचा असणार नाही. परंतु झडती घेणे सुलभ जावे म्हणून गावातील यच्चयावत कुलपे कच्ची घडवा, असा हुकूम उद्या कुलपे करणारांना सुटला तर? स्मार्टफोनमधील खाजगी मजकुराच्या बाबतीत अनेक देशांची सरकारे नेमके हेच मागत आहेत. मागताना भाषा मात्र एकाच घराच्या झडतीची वापरतात.

ही मखलाशी कशी चालते हे अमेरिकेतील एका प्रकरणाने उघडे पाडले. २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे एका दांपत्याने बेछूट गोळीबार करून १४ माणसे ठार केली. ती दोघेही पोलिसांशी झालेल्या चकमकीत मेली. पतीस त्याच्या कचेरीने दिलेला आयफोन एफबीआयच्या हाती लागला, पण तो कुलूपबंद होता आणि परवलीचे आकडे दहादा चुकल्यास आतील सर्व मजकूर पुसला जाण्याची भीती होती. १६ फेब्रुवारी २०१६ रोजी मॅजिस्ट्रेटने ॲपल कंपनीस हुकूम दिला की, हा अडसर दूर करणारी नवी प्रणाली तिने स्वतः रचून द्यावी. आधार कोणता, तर १७८९ सालचा कायदा! कंपनीने साफ नकार दिला.

सरकार म्हणाले, प्रश्न एकाच फोनचा आहे. पण त्याच सुमारास मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी आपल्याकडे असे पावणेदोनशे फोन पडून असल्याचे सांगितले. मग एका फोनची गोष्ट राहिली कोठे? पुढे २८ मार्च रोजी सरकारने अर्जच मागे घेतला, कारण बाहेरच्या कोणा जाणकाराने तो फोन उघडून दिला होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशीअंती नमूद केले की, कंपनीवाचून गत्यंतर नाही असे कोर्टास सांगण्यापूर्वी एफबीआयने आपल्याच सर्व शाखांकडे पुरती विचारणा केलेली नव्हती. चौदा मृतांच्या नावाने मागितलेली किल्ली त्या तपासाला अपरिहार्य नव्हती, हे यावरून उघड होते.

अशी किल्ली एकदा घडली की ती कोणाच्या हाती राहील? संदेश पाठविणाराच्या फोनवर गणिताच्या साह्याने कूटबद्ध होतो आणि घेणाराच्या फोनवरच उलगडतो. मधल्या कंपनीसही तो वाचता येत नाही. त्यात सरकारसाठी वाट ठेवली तर तिच्यावरून चालणारा शिपाई की चोर, हे गणितास कळत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ साली टेलिफोन यंत्रणेतील कायदेशीर टेहळणीचीच सोय अज्ञात इसमांनी वापरली व खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये चिनी घुसखोर अमेरिकन टेलिफोन कंपन्यांच्या अशाच यंत्रणेत शिरल्याचे उघडकीस आले. तेव्हा कूटबद्ध संदेश वापरा असा सल्ला नागरिकांना कोणी दिला? त्याच एफबीआयच्या अधिकाऱ्याने!

आपल्या देशाकडे वळावे तर येथे न्यायाधीशाच्या वॉरंटाचाही पत्ता नाही. १८८५ साली, म्हणजे काँग्रेस जन्मली त्याच वर्षी, परकी सरकारने केलेल्या टेलिग्राफ कायद्यातील चोरून ऐकण्याचा अधिकार २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तसाच उतरला आहे. हुकूम गृहसचिवांचा आणि त्याची फेरतपासणीही सचिवांच्याच समितीची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अन्वये मजकूर उलगडून देण्यास नकार देणारास सात वर्षांपर्यंत कैद आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यावर सहा वर्षांनी व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि त्यातून हव्या त्या सरकारी यंत्रणेस वगळण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवून घेतली.

सरकारची सर्वांत सबळ बाजू अफवांची आहे, आणि ती आम्ही हलकी मानीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. व्हॉट्सॲपवरील अफवांनी मने आधीच पेटविली होती. अशा अफवेचा मूळ कर्ता हुडकता यावा म्हणून २०२१ चे नियम आले. पण एका संदेशाचा उगम सांगावयाचा तर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संदेशावर आधीपासून खूण ठेवावी लागेल. कोणता संदेश उद्या हवा होईल हे आज कोणास ठाऊक? आणि राईनपाड्यात मारेकरी लपले होते काय? हत्या दिवसाढवळ्या, आठवड्याच्या बाजारच्या दिवशी झाली, तिची चित्रे लोकांनीच काढली. कमी पडले ते वेळेवर पोचणारे पोलीसबळ.

‘ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याने भ्यावे कशाला?’ असे आमचे काही सुशिक्षित मित्रही विचारतात. त्यांना आम्ही पोस्टाची आठवण देतो. तेथे उघडे कार्डही मिळत असे आणि बंद पाकीटही. मुलीच्या स्थळाची बोलणी, कर्जाची विनवणी, वकिलाचा सल्ला पाकिटातून जाई. पाकीट घेणाऱ्यास कोणी कारस्थानी ठरविले नाही. आज ते पाकीट, पतपेढीचे पासबुक, डॉक्टरांचे कागद आणि बायकोचे फोटो सारे एकाच फोनमध्ये असते.

आमची मागणी साधी आहे. टेहळणीचा प्रत्येक हुकूम न्यायाधीशाच्या सहीने निघावा. तपास संपल्यावर ज्याचा फोन ऐकला त्यास तसे कळवावे. आणि २०२१ च्या नियमांतील उगम शोधण्याचे कलम सरकारने आपण होऊन मागे घ्यावे. आपल्या भागाच्या खासदारांनी या तीन गोष्टींवर लोकसभेत तोंड उघडावे. मतांसाठी ते दारी येतील तेव्हा मतदारांनीही त्यांना याचे उत्तर विचारावे.