बेडूक पाळावा, पण कोणता?

प्राणी पाळण्याची हौस मुलांच्या अंगीं उपजतच असते. कुत्रें, मांजर आणि काचेच्या पेटींतील मासे यांचा परिचय आपणां सर्वांस आहे. परंतु पाश्चात्त्य देशांत बेडूक पाळण्याचाहि छंद बराच रूढ आहे, आणि त्याचीं चित्रें पाहून आपल्याकडील एखाद्या मुलानें तसाच हट्ट धरला तर त्यांत नवल नाहीं. या हट्टाचें स्वरूप बहुधा ठरलेलें असतें: बेडूक असा हवा, कीं जो दिवसभर उड्या मारील आणि हातावर घेतला असतां निमूटपणें बसूनहि राहील. या मागणींत दोन परस्परविरोधी अपेक्षा एकत्र बांधल्या आहेत, असें आमचें मत आहे.

प्रथम चपळ बेडकांकडे पाहूं. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील लहान, रंगीबेरंगी विषारी बेडूक दिवसाढवळ्या हिंडतात व पाहणाऱ्याचें मन मोहून घेतात. त्यांचें विष मुंग्यांसारख्या सूक्ष्म भक्ष्यापासून त्यांच्या अंगीं येतें. म्हणून पेटींत जन्मलेल्या व दुसऱ्या कीटकांवर वाढलेल्या बेडकांच्या अंगीं तें नसतें. तथापि इंच-दीड इंचाचा तो नाजूक जीव हाताळण्याजोगा मुळींच नव्हे. चीन व कोरिया या देशांतील लाल पोटाचा भेक असाच दिवसा जागा व खेळकर असतो. पण त्याच्या त्वचेंतील स्राव डोळ्यांस लागल्यास आग होते. आफ्रिकेंतील नखधारी बेडूक तर सारा जन्म पाण्यांतच काढतो, व तो इतका बुळबुळीत असतो कीं मुठींतून सहज निसटावा.

आतां हात सहन करणाऱ्यांकडे वळूं. यांत ऑस्ट्रेलियांतील हिरवा झाडबेडूक अग्रगण्य होय. जॉन व्हाइट या शस्त्रवैद्यानें १७९० सालीं आपल्या प्रवासग्रंथांत त्याचें वर्णन केलें, म्हणून त्याला व्हाइटचा झाडबेडूक असेंहि म्हणतात. तो चांगला चार इंचांपर्यंत वाढतो, पंधरा वर्षांहून अधिक जगूं शकतो, आणि हातावर घेतला असतां सहसा धडपड करीत नाहीं. परंतु हा सद्गुण त्याच्या मंद स्वभावांतूनच आला आहे! दिवसा तो पानावर झोंपतो आणि रात्रीं भक्ष्य दिसलें तरच हालतो. दक्षिण अमेरिकेंतील शिंगाड्या बेडूक याहूनहि स्वस्थ. तो मातींत अर्धा पुरून बसतो, आणि पुढें आलेलें बोट भक्ष्य समजून चावतो.

सारांश, जो चपळ तो हातांत राहत नाहीं, आणि जो हातांत राहतो तो चपळ नाहीं. असें कां असावें? बेडकाची त्वचा हें केवळ अंगावरील आवरण नव्हे. तिच्यांतून तो श्वास घेतो व पाणीहि शोषून घेतो. आपल्या हातांवरील मीठ, तेल, साबणाचा अंश हे सर्व तींतून त्याच्या शरीरांत जाऊं शकतात. शिवाय हातावर निश्चल बसलेला बेडूक आनंदानेंच बसला आहे, असें मानणें ही आपली समजूत आहे. पुष्कळ प्राणी भयानें निश्चल होतात. सहन करणें निराळें आणि आवडणें निराळें. हा भेद मुलांनीं लहानपणींच ओळखावा, यांतच प्राणी पाळण्याचें खरें शिक्षण आहे.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत २००९ ते २०११ या काळांत आफ्रिकेंतील बुटक्या पाणबेडकांच्या संसर्गानें दोनशेंहून अधिक लोकांस साल्मोनेला जंतूंचा विकार झाला, व त्यांत मुलांचाच भरणा अधिक होता. म्हणून पांच वर्षांखालील मुलांनीं बेडकाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावूं नये, आणि इतरांनीं नंतर साबणानें हात धुवावे. बेडकाला उचलणें भागच पडलें, तर आधीं स्वच्छ पाण्यानें हात ओले करून क्षणभरच उचलावें.

परदेशीं राहणाऱ्या आपल्या बांधवांच्या मुलांना बेडूक पाळावयाचाच असेल, तर पेटींत जन्मलेला झाडबेडूक निवडावा, त्याला जिवंत कीटकांचा आहार द्यावा, आणि कंटाळा आला म्हणून तो बाहेर कधींहि सोडूं नये. १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांत उंसावरील भुंगेरे मारण्यासाठीं आणलेले सुमारें शंभर भेक पुढें त्या देशाचें संकट झाले. आपल्याकडील मोठा बेडूकहि अंदमानांत पोंचल्यावर तेथील जीवांस भारी झाला आहे.

महाराष्ट्रांतील विद्यार्थिमित्रांस मात्र आमचें सांगणें निराळें आहे. रानांतील बेडूक धरून आणूं नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या मोठ्या बेडकाला अभय दिलें आहे, आणि १९८७ पासून बेडकांच्या तंगड्यांची निर्यातहि बंद आहे. मृगाचा पाऊस पडतांच हाच बेडूक पिवळाधमक होऊन डबक्यांतून डराव डराव करूं लागतो. पुढें त्याच पाण्यांत बेडूकमाशांना पाय फुटतांना दिसतात. एक वही घ्यावी, डबक्याच्या कांठीं स्वस्थ बसावें आणि रोज काय दिसलें तें तारीख घालून लिहावें. चपळ बेडूक पाहण्याची हौस अशानें पुरी फिटेल. राहिली हातांत घेण्याची हौस. ती आवरतां येणें, हेंहि प्राण्यांवरील प्रेमच होय.