जठराचा व्रण आणि पूरक आहाराची मर्यादा

व्यापारी कुटुंबांत ‘पित्त’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आली, मध्यरात्री पोटात कुरतडल्यासारखे दुखून जाग आली, तरी साऱ्यांचे निदान घरातल्या घरात ‘पित्त’ असेच होते. दुकानाच्या गल्ल्यात आम्लनाशक गोळ्यांची पट्टी आणि घरच्या कपाटात ज्येष्ठमधाचे चूर्ण, ही त्यावरची ठरलेली योजना. अलीकडे तिच्यात पूरक आहाराच्या, म्हणजे सप्लिमेंटच्या, बाटल्यांची भर पडली आहे. त्यांपैकी काहींचा खरोखर उपयोग आहे. परंतु तो किती आणि कोणाला, हे न जाणता केलेला उपयोग मूळ रोग झाकून ठेवतो. म्हणून या वेळी जठरव्रणाचा, म्हणजे अल्सरचा, विचार करू.

जठरातील आम्ल तीव्र असूनही ते जठराला जाळीत नाही, कारण आतल्या बाजूस श्लेष्म्याचा संरक्षक थर असतो. हा थर दुर्बळ झाला म्हणजे आम्ल अस्तरापर्यंत पोचते आणि जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभी जखम होते. अनेक वर्षे तिचे खापर तिखट जेवणावर आणि धंद्याच्या काळजीवर फुटत आले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातून एक वळणदार जंतू वेगळा वाढविला. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि आपले म्हणणे पटवून दिले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधे जठराचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांची निर्मितीच कमी करतात. दिवसभर गादीवर बसून आखडलेली कंबर, दिवाळीच्या गर्दीतील डोकेदुखी, गुडघ्याचे दुखणे, यांवर ही गोळी सहज घेतली जाते. जंतू आणि गोळी, या दोहोंपैकी कोणते कारण आहे हे कळल्याखेरीज कोणत्याही चूर्णाची किंवा कॅप्सूलची निवड म्हणजे अंधारात केलेला सौदा होय.

आता पूरक पदार्थांकडे वळू. ज्येष्ठमधाचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने व्रणाच्या रुग्णांना आराम पडतो, पण काहींच्या अंगावर सूज येते, असे नोंदविले. पुढे ज्येष्ठमधातील द्रव्यावरून कार्बेनोक्सोलोन नावाचे औषध तयार झाले व ब्रिटनमध्ये वापरले गेले. परंतु रक्तदाब वाढणे आणि शरीरातील पोटॅशियम घटणे या दोषांमुळे, अधिक सुरक्षित औषधे येताच ते मागे पडले. ज्येष्ठमधाच्या चूर्णातही हाच दोष आहे. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने ते रोज घेऊ नये. दोष निर्माण करणारे ग्लिसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध ‘डीजीएल’ या नावाने मिळतो. तो तुलनेने निर्धोक आहे, तथापि त्याच्या गुणाचा पुरावा मर्यादित आहे.

कोबीच्या रसाची कथा अशीच. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. गार्नेट चेनी यांनी १९४९ मध्ये १३ रुग्णांना ताज्या कोबीचा रस देऊन व्रण लवकर भरून आल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यातील द्रव्याला ‘व्हिटॅमिन यू’ म्हटले. ते खरे जीवनसत्त्व नव्हे, आणि इतक्या थोड्या रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांनी या रसासाठी नियम मोडण्याचे कारण नाही. कच्च्या केळ्याच्या भुकटीने ॲस्पिरिनमुळे होणाऱ्या व्रणापासून रक्षण होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. पिकलेल्या केळ्यात तो गुण आढळला नाही. कच्च्या केळ्याची भाजी अवश्य खावी, मात्र ती औषध समजून नव्हे.

जस्त आणि कार्नोसिन यांचे संयुग जपानमध्ये जठरव्रणावर औषध म्हणून वापरले जाते. म्हणून त्याला काही आधार आहे. परंतु जस्त दीर्घकाळ अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते. उपकारक जंतूंच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्या, कॅप्सूल प्रतिजैविकांच्या जोडीने घेतल्यास जुलाबाचा त्रास कमी होतो व उपचार पूर्ण करणे सोपे जाते. एकट्याने त्या हेलिकोबॅक्टरचा नायनाट करीत नाहीत. थंड दुधाचेही तेच. घटकाभर शांत वाटते, पण मागाहून दूधच आम्लाचा स्राव वाढविते.

आपल्या घरांसाठी आणखी एक प्रश्न आहे. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून केलेले असते. अनेक अवलेहांत मध असतो. म्हणून वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहून न थांबता घटकांची यादी वाचावी. वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूलही मिळतात. पूरक आहारावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि तो औषधी उपयोगासाठी नाही, असे छापलेले असते. एरवी मालाच्या पोत्यावरील खूण बारकाईने पाहणाऱ्या आपण ही ओळही वाचली पाहिजे.

उपवास, एकाशन, आयंबिल यांनी व्रण होतो असे नाही. मात्र व्रण असलेल्या किंवा रोज वेदनाशामक घेणाऱ्या व्यक्तीने रिकाम्या पोटी गोळी घेणे टाळावे आणि तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. गोळ्यांच्या वेळा बदलता येतात. कित्येकदा वेदनाशामकाऐवजी पॅरासिटॅमॉलवर भागते, ते जठराला सौम्य असते. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरून होते. तिच्या आधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे आणि चार आठवडे प्रतिजैविके थांबवावी लागतात, अन्यथा जंतू असूनही निष्कर्ष नकारार्थी येऊ शकतो. मात्र ती थांबवावीत की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. जंतू आढळल्यास साधारण चौदा दिवसांचा उपचार पुरतो. पण तो पुरा केला पाहिजे. बरे वाटताच गोळ्या सोडल्या तर जंतू चिवट होतो. उपचारानंतर जंतू गेल्याची पुन्हा खात्री करून घ्यावी.

डांबरासारखे काळे शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक असह्य पोटदुखी, चक्कर येऊन घाम फुटणे, यांपैकी काहीही झाल्यास चूर्ण शोधीत न बसता लगेच रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु तो निर्णय आपण करू नये. वजन घटत असेल, गिळताना अडत असेल, किंवा वयाच्या पन्नाशीनंतर हा त्रास प्रथमच सुरू झाला असेल, तर दुर्बिणीतून तपासणी पुढे ढकलू नये. डॉक्टरांकडे जाताना घरातील चूर्णे, कॅप्सूल आणि वेदनाशामक गोळ्या, साऱ्यांची यादी एका कागदावर लिहून न्यावी. निदानाला तिची मोठी मदत होते.