वारशाची शेती, पडद्यावरची आणि उतारावरची
वारशाने शेती मिळालेला शहरी नायक सणाच्या चार दिवसांत बदलतो, अशा भावुक चित्रपटांवर काही प्रेक्षक डोळे पुसतात, तर काही नाक मुरडतात. जव्हार-मोखाड्यातून पाहिले, तर नाक मुरडणाऱ्यांचेच पारडे जड ठरते. तेथे नाचणी-वरईच्या वरकस, म्हणजे भातखाचराबाहेरच्या हलक्या उताराच्या, जमिनीचे कित्येक वारस दिवाळीनंतर गावी परतत नाहीत, उलट वीटभट्टीची वाट धरतात. ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमीन विकल्यानंतरची होरपळ तरी दाखवली, मात्र २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा, म्हणजे कसणाऱ्याच्या हक्काची सनद, वारसाकडे जातो, पण विकता येत नाही, त्यामुळे ‘विकावी की राखावी’ हा पटकथाकारांचा हुकमी पेच (त्यांची पंचाईतच!) अशा पट्ट्यावर उभाच राहत नाही.