परीक्षा हवीच, पण पुढची वाटही हवी

रशिया, किर्गिझस्तान, चीन, फिलिपिन्सहून डॉक्टर होऊन परतलेल्या मुलामुलींबद्दल आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदकडे दोन मते ठासून मांडली जातात. एक : ही पोरं पैसे मोजून डॉक्टर झाली, यांच्या हाती रोगी देऊ नये. दुसरे : परमुलखात सहा वर्षे काढून पदवी आणली, आता पुन्हा परीक्षा कसली? ती रद्दच करा. मला दोन्ही अमान्य आहेत. त्यातले दुसरे अधिक घातक, कारण ते लेकरांच्या मायेपोटी मांडले जाते.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. 'नीट'ला पात्र ठरल्याशिवाय आता परदेशी वैद्यकीय पदवी इथे ग्राह्य धरली जात नाही. पात्र ठरूनही खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपत नाही, म्हणून कापूस-सोयाबीनवरचे घर शेत गहाण टाकून मुलीला बिश्केकला पाठवते. पैसा दोन्हीकडे लागतो, तिकडे तुलनेने कमी. परतल्यावर चाळणी परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळाल्याशिवाय इंटर्नशिप नाही, नोंदणीही नाही. हे पार केलेल्या डॉक्टरला हिणवणे हा सरळ अन्याय आहे.

आता परीक्षेविषयी. २००२ च्या नियमांनी आलेल्या या चाचणीत बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य नापास होतात, म्हणून ती अपमानकारक आहे, असे म्हणतात. पण भारतात शिकलेला डॉक्टर इंग्लंडला निघाला की 'प्लॅब' देतो, अमेरिकेला निघाला की 'यूएसएमएलई' देतो. तो अपमान आपण मुकाट्याने अभ्यास करून पचवतो. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण इथे अपुरे पडते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. देशात संताप झाला, तरी त्यातून निघाले ते काम टिकाऊ ठरले : १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा, म्हणजे दर्जा तपासणारी स्वतःची यंत्रणा. तोच अधिकार आज आपण वापरतो, तेव्हा त्याला जुलूम म्हणता येणार नाही.

आणि हा अधिकार सर्वांत जास्त आमच्या तालुक्याला हवा. पुण्यात एका डॉक्टरवर विश्वास बसला नाही तर दुसरा शेजारच्या गल्लीत असतो. सातपुड्यातल्या भिंगाऱ्याहून अडलेली बाळंतीण खाली आणली, सर्पदंशाचा रोगी आला, की समोर असेल तोच डॉक्टर. पुढे खामगाव, अकोला, तेही गाडी वेळेवर मिळाली तर. इथल्या खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार पिढ्यांना ग्रासत आहेत. 'खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत, मग कोणीही चालेल' हे म्हणणाऱ्याला खेड्यातल्या माणसाचा जीव स्वस्त वाटतो, असेच मी समजतो.

महामारीत आणि २०२२ च्या युक्रेन युद्धात शेवटची वर्षे ऑनलाइन शिकलेल्यांना जादा इंटर्नशिप सांगितली गेली. ती कठोर होती, पण योग्य होती. पोट तपासायला रोग्याच्या पोटावर हात ठेवावा लागतो.

माझे भांडण परीक्षेनंतरच्या खोळंब्याशी आहे. उत्तीर्ण झालेल्या मुलांना इंटर्नशिपच्या जागेसाठी ताटकळावे लागते. महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०२२ मध्ये घातली गेली आणि कर्जाचे व्याज मात्र थांबले नाही. बुलढाण्याला २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे या मुलांना जागा वाढवून द्याव्यात, समाजवैद्यकाचे आठवडे त्यांनी जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत अनुभवी डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत, आणि विद्यावेतन इतरांइतकेच मिळावे. परीक्षेची प्रश्नपत्रिका व उत्तरसूचीही जाहीर व्हावी. नापास झालेल्याला आपले काय चुकले ते कळलेच पाहिजे.

शिवाय निघण्याआधीच बापाच्या हाती मराठीत एक कागद पडला पाहिजे. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता देणारी पदवी. यातले एक जरी चुकले तरी इथली दारे बंद. एजंट हे सांगेलच असे नाही. हा कागद तहसील कार्यालयात आणि प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर बारावीचा निकाल लागण्याआधी लागला पाहिजे, आणि शैक्षणिक कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेने त्यावर पालकाची सही घेतल्याशिवाय पहिला हप्ता सोडू नये.