‘गोव्याला हलवा’ म्हणण्याआधीचे सहा महिने

सिंधुदुर्गात ‘पेशंटला गोव्याला हलवा’ या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गोवा म्हणजे बांबोळी, गोवा मेडिकल कॉलेज. मालवणहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या वर भरते. दुसरा रस्ता घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआरकडे जातो. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला असेल किंवा गरोदर बाईला झटके येत असतील, तर यातला कोणताच रस्ता जवळचा नाही. २०१८ मध्ये गोव्याने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले. शेजारच्या राज्यातल्या एका रुग्णालयावर हा जिल्हा किती टेकून आहे, ते त्या वेळी सगळ्यांनाच दिसले.

असा विषय निघाला की एक मागणी ठरलेली असते: तज्ज्ञ डॉक्टरांची रिक्त पदे भरा. ती रास्तच आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे साधारण आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, गरजेच्या तुलनेत ७४ टक्के स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञ कमी होते. शिवाय प्रसूतितज्ज्ञ आला म्हणजे काम झाले असेही नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही आणि रक्तसाठा नसेल तर ते करण्याचे धाडस कुणी करू नये.

तरीही या मागणीत एक गोष्ट राहून जाते. आपण तज्ज्ञ मागतो तो बाळंतपणाच्या रात्रीसाठी. अतिजोखमीच्या मातेचे बरेचसे भवितव्य मात्र त्या रात्रीच्या पाच-सहा महिने आधीच ठरत असते. तेव्हा तज्ज्ञाचा सल्ला तिच्यापर्यंत कसा पोहोचेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

अतिजोखमीची माता म्हणजे कोण? जिचा रक्तदाब वाढलेला आहे, हिमोग्लोबिन फार कमी आहे, जिला मधुमेह, थायरॉइड किंवा हृदयविकार आहे, पोटात जुळी आहेत, आधी सिझेरियन झाले आहे, आधीचे मूल पोटातच गेले आहे किंवा वार खाली सरकलेली आहे, ती. यातल्या बहुतेक गोष्टी रक्तदाबाचे यंत्र, रक्त-लघवीची तपासणी, एक सोनोग्राफी आणि नीट विचारलेले चार प्रश्न यांतून कळतात. तज्ज्ञ लागतो तो त्यानंतर, कळलेल्या गोष्टीचे काय करायचे ते ठरवण्यासाठी. हे काम आता स्वतंत्र शाखाच झाले आहे. आपल्याकडे स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर अतिजोखमीच्या गरोदरपणाचा दोन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

या शाखेतल्या दोन उपचारांच्या वेळा पाहू. पहिला उपचार साध्या अॅस्पिरिनचा. ज्या स्त्रीला गरोदरपणातल्या रक्तदाबाचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त आहे, तिला डॉक्टर हे औषध कमी मात्रेत रोज घ्यायला सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अॅस्प्रे’ चाचणीत, जास्त धोका असलेल्या स्त्रियांमध्ये, नववा महिना भरण्याआधी बाळंतपण करावे लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया या गोळीमुळे ६२ टक्क्यांनी कमी झाला. अट एवढीच की गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी. उशीर झाला की तिचा फायदा घटत जातो.

दुसरा उपचार आपल्या शेजारच्या माणसाने जगाला दिलेला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्याला जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले आणि तिथेच त्यांनी काम केले. गर्भाशयाचे तोंड कमकुवत असल्याने ज्यांचे गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात गळून पडत, अशा स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ मध्ये एक टाका सुचवला. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत तो ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखला जातो. आधीच्या इतिहासावरून तो घालायचा असेल, तर सहसा बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास घालतात. सहाव्या महिन्यात कळा घेऊन आलेल्या बाईला मोठ्यातला मोठा तज्ज्ञही तो घालू शकत नाही.

म्हणजे तिसरा-चौथा महिना महत्त्वाचा. सरकारचे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि जोखीम आढळली तर कार्डावर लाल चिकटपट्टी लागते. योजना चांगली आहे, पण तिची आखणी चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांसाठी आहे. एक ९ तारीख चुकली की अॅस्पिरिनची वेळही निघून गेलेली असू शकते.

कोकणात यावर आणखी एक गुंता आहे. आपल्याकडची पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. चाकरमान्याची बायको डोंबिवलीत किंवा विरारला राहते, सहा महिने तिथल्या डॉक्टरांकडे जाते आणि सातव्या-आठव्या महिन्यात कोकणकन्येने कुडाळला उतरते. तिच्याबरोबर फणसाच्या दिवसांचे डोहाळे येतात, फाइल मात्र अर्धीच येते. तिसऱ्या महिन्यातला रक्तदाब किती होता, साखर कधी तपासली, आधीच्या सिझेरियनचा छेद कसा होता, हे मालवणच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत कळतच नाही. माहेरी लाड होतात आणि ‘गरोदरपणात पाय सुजायचेच’ असे आईही म्हणते. थोडी सूज बहुतेकींना येते, हे खरे. पण सुजेबरोबर सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके येणे, बरगडीखाली दुखणे यातले काही असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायला हवा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती, २००१ पेक्षाही कमी. जिथे बाळंतपणेच थोडी, तिथे एवढे खास शिकलेले डॉक्टर ठेवायचे कशाला? गुंतागुंतीच्या केसेस सतत हाताखालून गेल्या नाहीत तर तज्ज्ञाचाही हात बसत नाही. म्हणून आठही तालुक्यांत असा तज्ज्ञ मागणे मला पटत नाही. मात्र जिल्ह्यात एक पक्के केंद्र असायलाच हवे. ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पडव्याला खासगी महाविद्यालय आहे. जागा आहे, पाटी आहे. आता तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत धागा ओढायला हवा.

तो धागा तीन ठिकाणी बांधता येईल. पहिले ठिकाण नोंदणीचे. बारा आठवड्यांच्या आत नोंद झालेल्या प्रत्येक स्त्रीची माहिती आशाताईंनी आणि एएनएमनी घेतली, की जोखमीच्या स्त्रियांची यादी आठवड्याच्या आत ओरोसच्या तज्ज्ञांसमोर जावी आणि लेखी सल्ला परत यावा. ‘ई-संजीवनी’सारखी दूरसल्ल्याची सरकारी सोय आजही आहे. दुसरे ठिकाण तालुक्याचे. तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला यावे. ओरोसला जायचे तर मासे विकणाऱ्या बाईचा दिवस बुडतो, आणि बुडालेला दिवस हे तपासणी चुकण्याचे मोठे कारण असते.

तिसरे ठिकाण पाठवणीचे. आज ‘हलवा’ म्हटले की १०८ येते आणि रुग्णालयाची जबाबदारी दारात संपते. पाठवण्याआधी पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले पाहिजे. झटक्यांचा धोका असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस इथेच द्यायला हवा. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत या स्वस्त औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले होते. ते द्यायला बांबोळीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

परिचारिकांच्या हाती एवढी जबाबदारी द्यावी का, अशी शंका निघते. तिचे उत्तर आंबोली घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्यात सापडते. तिथल्या १,६२० स्त्रियांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळंतपणानंतर एएनएमनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पद्धत तज्ज्ञांनी ठरवली आणि ती राबवली गावात काम करणाऱ्या बाईने.

महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. केरळचा मात्र १९. आपण देशाच्या पुढे आहोत, पण केरळच्या मागे. उरलेले मृत्यू कमी करायचे तर आता मुख्यतः याच जोखमीच्या स्त्रियांकडे लक्ष द्यावे लागेल.

शासन करील तेव्हा करील, घरच्यांना आजपासून करता येण्यासारखे थोडे आहे. पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. माहेरी येताना सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि आधीच्या बाळंतपणाचे कागद बरोबर घ्या, त्यांचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलवरही ठेवा. कार्डावर लाल पट्टी असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, ‘बाळंतपण कुठे करायचे, आणि तिथे आधी एकदा कधी जाऊन यायचे?’ बांबोळीलाच जायचे ठरले तर तेही आठव्या महिन्यात, दिवसाउजेडी, कागदपत्रांसह ठरू द्या.